रफार

साडेपाचला फाईल आली.
तेरदाळे साहेब स्कूटरची किल्ली फिरवत म्हणाले,
मगदूम, बाराच्या आत वेबसाईटवर चढवा, उद्या पेपरात आहे.
जुन्या फॉन्टमधली. उघडली तर
रफार सगळे उडालेले.
'शैक्षणिक अहता'. 'कायालय'. 'वग एक'.
एकेक उचलून जागेवर बसवत गेले,
तांदळातले खडे निवडावेत तसे,
फक्त उलट : इथं खडे परत घालायचे होते.

पद : वरिष्ठ प्रणाली व्यवस्थापक. संख्या एक.
कामाचे ठिकाण : कोल्हापूर.
अभियांत्रिकी पदवी किंवा एमसीए, प्रथम श्रेणी.
(माझा गारगोटीचा डिप्लोमा,
त्यातही गणिताला दुसऱ्यांदा बसलेली.)
वय अडतीसपेक्षा जास्त नसावे.
एक्केचाळीस.
शासकीय कार्यालयात सलग दहा वर्षांचा अनुभव.

'सलग'ला रफार नसतो.
तरी तिथं मी बराच वेळ थांबले.

माझा करार अकरा महिन्यांचा.
मग एक दिवस खंड. मग पुन्हा अकरा महिने.
असे बारा खंड जमलेत.
पहिल्याला डोक्यावरून न्हाले आणि झोपले.
तिसऱ्याला लेकीला रंकाळ्यावर नेलं, भेळ खाल्ली,
ती म्हणाली, आई, तुला रोज का काढत नाहीत?
सातव्याला
सुतारवाड्यात पाणी शिरलं होतं,
राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट,
आणि दस्तगीरमामांचा फोन : बाई, पाणी फाटकाला लागलंय,
तुमचं ते मशीन खालीच हाय.

गेले. करार कालच संपलेला, ओळखपत्र बंद.
दारावरच्या नव्या पोरानं रजिस्टर पुढं केलं.
कोणास भेटायचे : सर्व्हर.
भेटीचे कारण : वैयक्तिक.

मग मी आणि मामा, मध्ये सतरंजीत गुंडाळलेलं ते,
वजन चोवीस किलो,
आत साडेतीन तालुक्यांचे सातबारे,
दोन जिने.
मामा पायरीगणिक आपल्याच नावाच्या पीराला हाक मारत,
मी णमो अरिहंताणं पुटपुटत.
पाठशाळेत पंडितजींनी सांगितलेलं,
अर्हत म्हणजे योग्य, पात्र.
रफार कुठं बसतो ते तेव्हापासून ठाऊक आहे.

त्या दिवसाचा पगार नाही. हजेरी नाही.
रजिस्टर नंतर पाण्यात गेलं.

साडेदहा. जाहिरात झाली, आता अर्जाचा फॉर्म.
वय अडतीसच्या वर गेलं की 'पुढे'चं बटण बंद.
अनुभवात एका दिवसाचा खंड दिसला तरी बंद.
या अटी मीच लिहिल्या, आणि नीट लिहिल्या.
चाचणीला एरवी टाकते ते नाव : अबक कखग.
आज हात थांबला
आणि स्वतःचं टाकलं, जन्मतारखेसह.

क्षमस्व, आपण या पदासाठी पात्र नाही.

वरून आलेलं वाक्य होतं, 'उमेदवार अपात्र'.
'क्षमस्व' दुपारी मीच जोडलेलं,
कुणाला तरी लागेल म्हणून.

नोंदवहीत लिहिलं : चाचणी यशस्वी.
अकरा चाळीसला पान चढलं.

दिवे मालवताना एवढंच मनात आलं,
जो कुणी येईल, पदवीवाला, अडतिशीच्या आतला,
चांगलाच असेल बिचारा,
त्याला सांगायला हवं
की मशीनचं मागचं बटण पुरानंतर अडकतं,
बोटानं दाबू नको, आत जाऊन बसतं,
पेनाचं टोपण लागतं त्याला.

टोपण माझ्या पर्समध्ये असतं.